जुनी युनिकॉर्न, चार महिन्यांनी

आमच्या स्प्लेंडरला मे २०२५ मध्ये पंधरा वर्षं पुरी झाली. पंधरा वर्षांनी आरसीची मुदत संपते, मग गाडी आरटीओला दाखवायची आणि पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घ्यायचं, हे माहीत होतं. पण इंजिन आता फारच बोलायला लागलं होतं, आणि माझं सगळं पोट गाडीवर. मी लिफ्टचा मेकॅनिक. घर ऐरोलीला, साइट महापे, घणसोली, नेरूळला, शिवाय आठवड्यातून दोनदा घोडबंदर रोडचे टॉवर. दिवसाला पन्नासेक किलोमीटर कुठेच गेले नाहीत. पाठीवर अकरा किलोची हत्यारांची बॅग. चौदाव्या मजल्यावर कुणाची तरी आजी अडकलेली असते तेव्हा "गाडी सुरू होत नाहीये, जरा दम धरा" असं सांगता येत नाही.

जुनीच दुरुस्त करू की नवी घेऊ, हा प्रश्न सोसायट्यांचे सेक्रेटरी मला लिफ्टबद्दल कायम विचारतात आणि मी दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळा होतो. स्वतःच्या गाडीची वेळ आली तेव्हा ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत नुसता घोळ घातला. शेवटी घेतली ती २०२१ सालची होंडा युनिकॉर्न, पहिल्या मालकाकडून, ६६,००० रुपयांना. आता चार महिने झाले, पाच हजार चारशे किलोमीटर झाले. गाडी कशी आहे ते सांगतोच, पण ती मिळेपर्यंत जे बघितलं ते आधी सांगतो, कारण त्यातच माझे जास्त दिवस गेले.

युनिकॉर्नच का, तर मला कुणाशी शर्यत लावायची नाही. १६२.७ सीसीचं इंजिन, तेरा लिटरची टाकी, मागे एकच शॉकअप आणि सरळ लांब सीट. मागे हेल्पर बसला, मध्ये बॅग ठेवली, तरी गाडी कुरकुरत नाही. हे सगळं साइटवरच्या इतर मेकॅनिकांच्या गाड्यांवर बसून आधीच पाहिलेलं होतं.

ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या एका शोरूममध्ये गेलो. पोरगं चटपटीत होतं, पाणी दिलं, कोटेशन हातात ठेवलं: ऑन-रोड १,५०,८००. मी एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा सगळं एकेक करून वाचायला लागलो तसा तो जरा अस्वस्थ झाला. खाली "अ‍ॅक्सेसरीज किट" होतं, "हँडलिंग" होतं, शिवाय रस्त्यात बंद पडली तर मदतीची वार्षिक स्कीम. मी म्हटलं, किटमध्ये काय काय येतं? तर सीट कव्हर, ग्रिप, टाकीचं स्टिकर आणि लेग गार्ड. सीट कव्हर मला आईने गोधडीच्या कापडाचं शिवून दिलं असतं. "सर, हे कंपल्सरी आहे," म्हणाला. कंपल्सरी काही नसतं. लेखी मागितलं की ते आपोआप ऑप्शनल होतं, हे मी लिफ्टच्या कंत्राटांत वीस वर्षं बघतोय.

तेवढ्यात १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करण्याचं बोलून दाखवलं. आमच्या घरात तहकुबी जाहीर झाली. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरला, नेमकं घटस्थापनेला, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे करासकट १,२८,००० ची वस्तू १,१८,००० ला. शेकड्याला जवळपास आठ रुपये सुटले, आणि रोड टॅक्सही त्याच किमतीवर लागत असल्याने तोही थोडा उतरला. त्याच शोरूममधून दुसरं कोटेशन आलं १,४०,२०० चं. मी सगळी सजावट काढायला लावली तेव्हा १,३५,९०० वर थांबलं. हा आकडा मी पाकिटात ठेवला आणि पुढे प्रत्येक जुन्या गाडीसमोर तोच काढून बघत राहिलो.

आता जुन्या गाड्यांचं दुकान. ठाण्यातलंच, नाव लिहीत नाही, कारण उद्या त्याच्या वरच्या मजल्याची लिफ्ट मलाच दुरुस्त करावी लागेल. बाहेर पन्नासेक गाड्या फुटपाथवर तिरक्या लावलेल्या, प्रत्येकीला पॉलिश असं की सणाच्या समया. पॉलिश केलेलं इंजिन दिसलं की मला संशय येतो. आमच्यातही मशीन रूम अचानक चकाचक दिसली की समजायचं, कालच काहीतरी फुटलंय.

तिथे माझ्या बजेटच्या आसपास तीन युनिकॉर्न होत्या.

पहिली २०२४ ची, मागणी १,०८,०००. दुकानदाराचंही चुकत नव्हतं, त्याने ती जुलैमध्ये जुन्या भावाने उचललेली. पण माझ्या पाकिटात १,३५,९०० चा कागद होता. अठ्ठावीस हजार जास्त घातले की कंपनीची वॉरंटी, पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आणि शून्य किलोमीटरची गाडी. चौदा महिने कुणीतरी हाणलेल्या गाडीसाठी एवढाच फरक? जीएसटी कमी झाल्यापासून वर्ष-दीड वर्षाच्या जुन्या गाड्यांचं गणित असंच फसलंय. नवीचा भाव एका रात्रीत उतरला, जुनीचा भाव दुकानदाराच्या खिशातून सावकाश उतरतो. नुकसान त्याचं आहे, ते आपण का वाटून घ्यायचं?

दुसरी गाडी एमएच ०८ पासिंगची, म्हणजे रत्नागिरीची. २०२० चं मॉडेल, मीटरवर फक्त चौदा हजार, भाव ५२,०००. या गाडीपाशी मी पाऊण तास घालवला. रंग सुरेख, आवाज ठीक. पण ब्रेकच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत झालेलं आणि फुटरेस्टचं रबर कोरं करकरीत. चौदा हजारांत पेडल असं झिजत नाही आणि फुटरेस्ट कुणी हौसेने बदलत नाही. पुढच्या डिस्कच्या कडेवर नख फिरवलं तर नख अडकलं, इतकी कडा उभी राहिलेली. मीटर मागे फिरवलेला, यात मला तरी शंका नव्हती. मग बाजूचं पॅनल काढलं. फ्यूज बॉक्सच्या खालच्या खाचेत बारीक लाल माती होती, धूळ नव्हे, बसलेली माती. तव्याच्या तळाला चिकटते तशी, वाळून भेगाळलेली. वायरिंगच्या एका कपलरवर हिरवट बुरशीसारखा थर. हेडलाइटच्या काचेत आतून खाली एक पुसट रेघ.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं. ठाण्यात नोकरीला असलेल्या कोकणातल्या माणसाला ही तारीख विसरता येत नाही. ही गाडी त्या दिवशी कुठे उभी होती, हे मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही. पण मी दुकानदाराला माती दाखवली, तर तो अजिबात न बिचकता म्हणाला, "साहेब, कोकणातली गाडी आहे, लाल माती असणारच." उत्तर इतकं झकास होतं की मी हसलो. पण मी निघालो. पाण्यात बुडालेल्या लिफ्टचे कंट्रोलर मी २०१९ च्या पुरानंतर बदलापूर भागात उघडलेले आहेत. वाळवून, पुसून, स्प्रे मारून ते सुरू होतात. चार महिने चालतात. मग एकेक कनेक्शन रुसायला लागतं आणि कुठलं रुसलंय ते शोधण्यात मजुरी वस्तूच्या वर जाते.

तिसरी गाडी खरं तर बरी होती. पण आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा. "एनओसी येतंय, तुम्ही गाडी घेऊन जा, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या आहेत, नाव मागाहून टाका." हे "मागाहून" फार वाईट. बोजा उतरल्याचं बँकेचं पत्र आणि तो आरसीवरून काढायचा फॉर्म ३५ हातात नसेल तर गाडी तुमच्या नावावर चढत नाही. आणि जोवर चढत नाही तोवर ती कायद्याने जुन्या मालकाचीच. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची, असा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे. म्हणजे कोऱ्या फॉर्मवर सही करून देणाऱ्यासारखा भाबडा माणूस नाही. मी दुकानदाराला आणखी एक विचारलं: १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, ते आहे का? "काम चालू आहे." बरं.

कर्जाबद्दलही सांगून टाकतो. दुकानदार म्हणाला, पन्नास हजार देतो, महिना फक्त एक टक्का. ऐकायला गोड. पण तो फ्लॅट दर. चोवीस महिन्यांचं व्याज १२,००० आधीच मुद्दलात मिळवलेलं, हप्ता २,५८३. मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पन्नास हजारांवरच. खरा दर काढला तर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांवर जातो. धाकटीकडून मोबाइलवर मांडून घेतला, ती बारावीला आहे, तिला हे सोपं गेलं. नव्या गाडीला बँका याच्या जवळपास निम्म्या दराने देत होत्या. रोख नसेल तर जुनी गाडी स्वस्त पडते, हा निम्मा भ्रम आहे.

मोबाइलवर गाड्या विकणाऱ्या कंपन्याही पाहिल्या. फोटो चांगले, कागद स्वच्छ, थोड्या दिवसांत परत करायची सोय. भाव बाजारापेक्षा सहा-सात हजारांनी चढा. ज्याला इंजिनाचा आवाज कळत नाही त्याने तेवढे द्यावेत, वाया जाणार नाहीत.

मग मी जरा शहाणा झालो आणि विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा तक्ता काढून बसलो. गाडीची विमा-किंमत ठरवताना सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षाला १५, दोन वर्षांना २०, तीनला ३०, चारला ४० आणि पाचला ५० टक्के उतरवतात. बाजारभाव अगदी असाच चालत नाही, पण चार-पाच वर्षांच्या गाडीवर पहिल्या मालकाने मोठा घसारा सोसलेला असतो आणि इंजिन, नीट वापरलं असेल तर, अजून अर्धं आयुष्यही जगलेलं नसतं. शिवाय १ एप्रिल २०२० नंतरची गाडी म्हणजे बीएस-६, प्रदूषणाच्या नव्या नियमातली, फ्युएल इंजेक्शनची. त्याच्या मागची घेतली तर कार्ब्युरेटर. आणि एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. म्हणजे माझ्यासाठी २०२० ते २०२२, बस्स. नंबर प्लेटही सोपी खूण: एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला कंपनीकडूनच हाय सिक्युरिटी प्लेट येते. तिच्या जागी कुणी "दादा" स्टाइलची प्लेट लावली असेल तर मूळची का निघाली, हे आधी विचारायचं.

गाडी सापडली ती मात्र हास्यास्पद ठिकाणी. कोपरखैरण्याच्या एका सात मजली सोसायटीत मी दर महिन्याला लिफ्टच्या मेंटेनन्सला जातो. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगला, लिफ्टच्या पिटपासून (खालच्या खड्ड्यापासून) वीस पावलांवर, निळ्या कव्हरखाली एक गाडी दोन वर्षं बहुतेक वेळ उभीच. मी तिच्यावर डबा ठेवून जेवलेलो आहे. नोव्हेंबरमध्ये, दिवाळी आटोपल्यावर, वॉचमनशी बोलता बोलता विषय निघाला तर म्हणाला, "अहो, ती चौथ्या मजल्यावरच्या काकांची, विकायचीय त्यांना." गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी दुचाकी बंद सांगितलेली. बँकेतून निवृत्त झालेले. कव्हर काढलं, खाली युनिकॉर्न.

"उद्या सकाळी सातला येतो, तोवर गाडी सुरू करू नका," एवढंच सांगितलं. गाडी थंडच बघायची असते. तापलेल्या इंजिनात निम्मे रोग लपतात. सातला गेलो, इंजिनाच्या फिन्सवर हात ठेवला, गार होतं. सेल्फ मारला तर नुसती कुंथली. बॅटरी थकलेली. किकने तिसऱ्या वेळी सुरू झाली. सायलेन्सरमधून सुरुवातीला थोडं पांढरं आलं आणि मिनिटाभरात थांबलं, ती नुसती वाफ. निळा धूर अजिबात नाही. टॅपेटचा हलकासा टिक-टिक, टायमिंग चेनचा आवाज नाही. पुढचा ब्रेक धरून हँडल मागे-पुढे हलवलं, कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, घट्ट. दोन्ही बाजूंनी हँडल सारखंच वळतंय, म्हणजे समोरून ठोकलेली नाही. ब्रेक लिव्हरच्या टोकाची गोळी शाबूत, साडीगार्डला एकच ओरखडा. चासी नंबर आरसीशी जुळला. मीटर १७,४६०.

काकांकडे वही होती. लांब, हिशोबाची, लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिल्या दिवसापासूनचं पेट्रोल, किलोमीटर, हवा, सर्व्हिसिंग, बदललेला प्रत्येक पार्ट आणि शेजारी बिल स्टेपल केलेलं. एका पानावर "आज गाडी पडली, उभी असताना, वाऱ्याने" अशी नोंद. तोच तो साडीगार्डवरचा ओरखडा. मी वीस वर्षांत असं लॉगबुक एकाही लिफ्टचं पाहिलेलं नाही. तिथेच माझं ठरलं. मीटर मागे फिरवता येतो, रंग मारता येतो, पण वाऱ्याने पडलेल्या गाडीची नोंद करणारा माणूस बनवता येत नाही.

काकांची मागणी ७५,०००. शेजारच्या कुणीतरी सांगितलेला आकडा. मी त्यांना खाली बसवून टायर दाखवला. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: १२२१, म्हणजे २०२१ चा बारावा आठवडा. दोन्ही टायर गाडीबरोबर आलेलेच. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर लाकडासारखं. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, असं सरसकट नसतं. उभ्या गाडीचं रबर, बॅटरी, टाकीतलं पेट्रोल या तिन्ही गोष्टी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात. काकांनी चष्मा वर करून आकडे वाचले, वहीत लिहून घेतले आणि म्हणाले, "मग तुम्हीच सांगा." ६६,००० वर ठरलं. घासाघीस म्हणावी असं काही झालंच नाही. मला थोडं अपराधी वाटलं, पण खर्च खरोखरच होता.

कागद बघताना एक गंमत झाली. ई-चलानच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला तर एक चलान थकलेलं, वाशीला सिग्नलची स्टॉप लाइन ओलांडल्याचं. काका लालेलाल. "मी? आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही!" फोटो उघडला तर गाडीवर पुतण्या. फोन लागला, पुढचं संभाषण मी ऐकलं नाही असं समजा. चलान पुतण्याने त्याच दुपारी भरलं. शिवाय एक चांगली गोष्ट निघाली: सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, त्यामुळे काकांचा जून २०२६ पर्यंत चालू होता. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, संपलेला. नाव बदलल्यावर चौदा दिवसांत विमाही स्वतःच्या नावावर करून घ्यायचा असतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याच खात्यात राहतो. हे बऱ्याच जणांना क्लेमच्या वेळी कळतं. जूननंतर थर्ड पार्टी, मी गाडी घेतली तेव्हाच्या दराने, वर्षाला १,३६६ पडेल, कारण इंजिन दीडशे सीसीच्या वर आहे. दीडशेच्या आत असतं तर ७१४.

काका कोपरखैरणे, मी ऐरोली, दोघंही एमएच ४३, त्यामुळे ट्रान्सफर सरळ झाली. सरकारी फी किरकोळच, पण मला सुट्टी नाही, म्हणून एजंटला १,८०० दिले. आमच्या हिने ऐकवलं, "लिफ्टला दलाल लागत नाही आणि आरटीओला लागतो?" लागतो.

आता खर्च. बॅटरी १,४००, दोन टायर ४,७००, डिस्क पॅड ३८०, ऑइल, प्लग, एअर फिल्टर १,२५०. टाकीत आठ महिने पडून असलेलं पेट्रोल काढून टाकलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. टाकी आणि इंजेक्टरच्या साफसफाईचे ६००. एवढं सगळं तपासूनही माझी एक चूक झालीच. आठवड्याने पुढच्या शॉकअपच्या दांडीवर तेलाचं कडं दिसलं. ऑइल सील गेलेलं. उभ्या गाडीत ते सुकलेलं असतं, चालायला लागली की गळतं. मी रोज हायड्रॉलिकची सीलं बदलणारा माणूस, आणि बघताना डस्ट कॅप वर करून पाहिली नाही. ९५० रुपये, आणि आमच्या नाक्यावरच्या मेकॅनिकचं "काय भाऊ, तुम्ही पण?" फुकटात. एकूण बेरीज, एजंट धरून, ७७,०८०. नवीच्या मानाने ५८,८२० वाचले.

चालवायला गाडी कशी? शांत. ठाणे-बेलापूर रोडला पन्नास-साठच्या मध्ये ठेवली की हँडलला कंप जवळजवळ नाही. गायमुखच्या चढावर हेल्पर आणि बॅग घेऊन चौथ्यात ओढते, स्प्लेंडर तिथे दुसऱ्यात रडायची. मायलेज मी टाकी फुल करून तीनदा मोजलं, पन्नास ते बावन्न. स्प्लेंडर बासष्ट द्यायची, म्हणजे महिन्याला पाचशे रुपयांचं पेट्रोल जास्त. हे जुनी-नवीच्या हिशोबात कुणी धरत नाही, पण दोन गाड्यांची तुलना करताना धरावं. मागे ड्रम ब्रेक, पुढे डिस्क, एबीएस फक्त पुढच्या चाकाला. डिसेंबरमध्ये मानपाड्याजवळ मेट्रोच्या बॅरिकेडमधून एक स्कूटर आडवी आली, खाली पसरलेली खडी. मी पुढचा ब्रेक घाबरून पूर्ण दाबला. लिव्हरमध्ये कुर्र कुर्र झालं, चाक अडकलं नाही, गाडी सरळ थांबली. जुन्या स्प्लेंडरवर मी त्या खडीत आडवा असतो. नुसत्या या एका गोष्टीसाठी २०१९ च्या आधीची गाडी मी कुणाला घ्यायला सांगणार नाही, कितीही स्वस्त मिळो. पुढचा दिवा हॅलोजन आहे. पाम बीच रोडवर काही वाटत नाही, पण रात्री दहानंतर महाप्याच्या एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांना गाडी हळू न्यावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये जी नवी आली तिला एलईडी आहे.

खरं सांगू? माझ्याच हिशोबाने मी नवी घ्यायला हवी होती. माझं वर्षाचं चालणं सोळा हजारांचं. जो इतका चालवतो तो नव्या गाडीचा पैसा पुरता वसूल करतो. पाच वर्षांत ऐंशी हजार किलोमीटर, पहिले चाळीस बिनघोर. मेहुणा माझ्या मागे लागलाय नवी घ्यायला सोबत ये म्हणून, त्याचं महिन्याचं चालणं तीनशे किलोमीटर, घर ते स्टेशन आणि रविवारी मटण. त्याने नवी घेणं म्हणजे पार्किंगमध्ये उभं राहून किंमत घालवण्यासाठी पैसे मोजणं. त्याने जुनी घ्यावी, मी नवी. झालं उलटं, कारण धाकटीच्या क्लासची फी नोव्हेंबरातच भरायची होती आणि ५८,८२० हा आकडा तिच्या पावतीच्या बराच जवळ होता.

रेटिंग द्यायचं तर गाडीला साडेचार. शोरूमला तीन, कारण मागितल्यावर का होईना सगळं लेखी दिलं. दुकानाला एक, तोही त्या लाल मातीच्या उत्तरासाठी.

स्प्लेंडरचं पासिंग आणि पाच वर्षांचा पर्यावरण कर भरून, ५३१ रुपयांची नवी हाय सिक्युरिटी प्लेट लावून ती हेल्परला दिली. किल्लीआधी आरसी त्याच्या नावावर केली, तो म्हणाला "दादा, एवढी घाई कशाला?" घाईच बरी.

कोपरखैरण्याच्या त्या सोसायटीत अजून दर महिन्याला जातो. गाडी लिफ्टच्या पिटजवळ त्याच जागी लावतो. काका काठी टेकत खाली येतात, सीटवरून हात फिरवतात, टायर अंगठ्याने दाबून बघतात आणि मीटर वाचून लाल वहीत लिहून घेतात. परवा लिहिलं, २२,८६०.